लॅपटॉपला नेट मिळत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तरे विंडोज १० आणि ११ डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मॅकसाठी प्रश्न २१ आणि लिनक्ससाठी प्रश्न २२ पाहा. आज्ञा आणि पत्ते इथे देवनागरीत छापले असले तरी टाइप करताना इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी आकडेच वापरायचे. एक पथ्य मात्र पाळा: एका वेळी एकच बदल करा आणि तो फोनमध्ये टिपून ठेवा. चार सेटिंग एकदम बदलल्यावर नेट सुरू झाले तर कशाने झाले ते कळत नाही, आणि नाही झाले तर आधी काय होते तेही आठवत नाही.

१. नेट बंद पडलंय. सुरुवात कुठून करू?

लॅपटॉपला हात लावण्याआधी फोन घ्या. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, त्याच वाय-फायला जोडा आणि आधी कधी न उघडलेली एखादी साइट उघडा. मोबाइल डेटा बंद करणे महत्त्वाचे, कारण वाय-फायवर नेट नसले की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि 'फोनवर तर चालतंय' असा गैरसमज होतो.

फोनवरही साइट उघडली नाही, तर लॅपटॉप निर्दोष आहे. प्रश्न २ कडे जा. फोनवर उघडली, तर बिघाड लॅपटॉपच्या बाजूला आहे. मग खाली उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करून नेमके काय दिसते ते पाहा. वाय-फायचे बटणच नसेल तर प्रश्न ५. इतर नेटवर्क दिसतात पण आपले नाही, तर प्रश्न ६. आपले दिसते पण जोडले जात नाही, तर प्रश्न ७. जोडले गेले पण 'नो इंटरनेट' असे येते, तर प्रश्न ८. निम्मे लोक ही विभागणी न करताच थेट ड्रायव्हर (वाय-फाय कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) काढायला घेतात आणि अडचण वाढवून ठेवतात.

२. फोनवरही नेट नाही. राउटरचं काय करायचं?

राउटर बंद करून त्याची पिन काढा, ३० सेकंद थांबा, परत लावा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी डबा सुरू करा, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे जाऊ द्या आणि मग राउटर.

फायबरच्या डब्यावर 'पॉन' नावाचा दिवा स्थिर हवा. 'लॉस' नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशाचा सिग्नलच येत नाही. डब्यामागची बारीक वायर कुठे घडी पडल्यासारखी वाकली आहे का, कपाटामागे दाबली गेली आहे का, ते बघा. वायर मोकळी असूनही दिवा लालच राहिला, तर कंपनीकडे तक्रार नोंदवण्याला पर्याय नाही. फायबरचे टोक काढून त्यात डोळा लावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

राउटरच्या मागच्या बारीक भोकातले रिसेट बटण दाबू नका. १० सेकंद दाबून ठेवले की बहुतेक राउटरची सगळी सेटिंग पुसली जातात. त्यात कंपनीने दिलेले लॉगिन भरलेले असेल, तर ते पुन्हा मिळवेपर्यंत सगळे घर नेटविना राहते.

३. लॅपटॉप शटडाउन करून परत चालू केला, तरी फरक नाही. रीस्टार्टने वेगळं काय होणार?

बरेच काही. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' सहसा सुरू असते. शटडाउन करताना विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर साठवते आणि पुढच्या वेळी तेच उचलते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते. म्हणून 'रीस्टार्ट'च करा, किंवा शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' निवडा.

वाय-फाय कार्डच गायब झाले असेल तर याच्या पुढची पायरी: लॅपटॉप बंद करा, चार्जर आणि यूएसबीला लावलेले सगळे काढा, पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून ठेवा, मग चार्जर लावून सुरू करा. सर्किटमध्ये उरलेली वीज निघून जाते आणि अडकलेले कार्ड पुष्कळदा यावरच जागे होते.

४. वाय-फायचं बटण करड्या रंगाचं आहे, दाबलंच जात नाही.

एअरप्लेन मोड सुरू आहे का ते पाहा. तो बंद असेल तर कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचे किंवा टॉवरचे चित्र असलेली की शोधा आणि ती एकदा नुसती, एकदा एफएन सोबत दाबा. जुन्या लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या बाजूला सरकवायचा स्विच असतो. बॅगेत घालता-काढता तो सरकतो.

५. वाय-फायचा ऑप्शनच गायब झालाय. फक्त इथरनेट दिसतं.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'नेटवर्क ॲडॅप्टर्स' पसरवा. तिथे 'वायरलेस', 'वाय-फाय' किंवा '८०२.११' असे काही लिहिलेली ओळ हवी.

ओळीवर खाली तोंड केलेला बाण असेल तर कार्ड बंद केले गेले आहे. राइट क्लिक करून 'एनेबल' करा. पिवळा त्रिकोण असेल तर डबल क्लिक करून कोड वाचा. 'कोड १०' म्हणजे कार्ड सापडले पण सुरू होत नाही: आधी प्रश्न ३ मधले पॉवर बटणाचे करून बघा, नंतर ड्रायव्हर (प्रश्न १५). ओळच नसेल तर वर 'व्ह्यू' मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. फिकट रंगात दिसली आणि 'कोड ४५' आला, तर कार्ड पूर्वी होते, आता विंडोजला सापडत नाही. म्हणजे कार्ड सैल झाले असेल, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बंद केले गेले असेल किंवा निकामी झाले असेल. प्रश्न २५ पाहा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळे ठीक असूनही नेटवर्कची यादी रिकामी असेल, तर विंडोजची 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' ही सेवा थांबलेली असू शकते. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, ही ओळ उघडा, 'स्टार्टअप टाइप' ऑटोमॅटिक करा आणि 'स्टार्ट' दाबा. 'पीसी वेगवान करणारी' सॉफ्टवेअर ही सेवा सर्रास बंद करून ठेवतात.

'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करणे चालते, पण त्या वेळी ड्रायव्हर पुसण्याचा चौकोन येतो, त्यावर टिक करू नका. नवा ड्रायव्हर हाताशी असेल तरच करा.

६. शेजारपाजारची सगळी वाय-फाय दिसतात, माझंच दिसत नाही!

बहुधा राउटर ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि लॅपटॉपला फक्त २.४ समजते. खात्री करायला स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून काळी खिडकी उघडा आणि 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' ही आज्ञा द्या. 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' या ओळीत ८०२.११ च्या पुढे फक्त बी, जी, एन असतील, तर कार्ड २.४ वालेच आहे. ए किंवा एसी असेल तर ५ चालते. राउटरमध्ये २.४ चा पट्टा सुरू केला की काम झाले.

कार्ड ५ गिगाहर्ट्झचे असूनही नेटवर्क कधी दिसते, कधी नाही, असे होत असेल तर चॅनेल तपासा. राउटर 'ऑटो'वर असला की तो स्वतःहून चॅनेल बदलतो. २.४ मधले १२ आणि १३ हे चॅनेल काही कार्डे ऐकतच नाहीत, आणि ५ मधल्या ५२ ते १४४ या चॅनेलवर रडारसाठी जागा सोडावी लागते म्हणून राउटर मध्येच उडी मारतो. २.४ साठी १, ६ किंवा ११ आणि ५ साठी ३६ ते ४८ पैकी एक चॅनेल कायमचा ठरवून द्या.

राउटरमध्ये नाव लपवलेले असेल, तर यादीत शेवटी 'हिडन नेटवर्क' निवडून नाव स्वतः टाइप करावे लागते.

७. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी 'कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क' येतं.

आधी जुनी नोंद पुसा: वाय-फाय सेटिंगमध्ये 'मॅनेज नोन नेटवर्क्स', आपले नाव, 'फर्गेट'. राउटरचा पासवर्ड किंवा सुरक्षेचा प्रकार बदलला की जुनी नोंद आडवी येते. मग डोळ्याच्या चिन्हावर दाबून, अक्षरे दिसत असताना पासवर्ड भरा. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर भलतेच टाइप होते. विंडोज की आणि स्पेस दाबून इंग्रजीवर आणा. कॅप्स लॉकही बघा. फोनमधून कॉपी केलेल्या पासवर्डच्या शेवटी एक स्पेस चिकटून येते, ती तर दिसतही नाही.

पासवर्ड खरोखर बरोबर असेल तर दोन संशयित उरतात. पहिला डब्ल्यूपीए३, म्हणजे वाय-फायच्या सुरक्षेचा नवा प्रकार: राउटर नवा आणि फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुन्या कार्डाला ते समजत नाही. राउटरमध्ये 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय निवडा. दुसरा मॅक फिल्टर (इथे मॅक म्हणजे वाय-फाय कार्डाचा हार्डवेअर पत्ता, ॲपलचा मॅक नव्हे): राउटरमध्ये ठरावीक उपकरणांनाच परवानगी असेल आणि लॅपटॉपवर 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' सुरू असेल, तर राउटरला दर वेळी अनोळखी पाहुणा दिसतो. त्या नेटवर्कपुरता रँडम पत्ता बंद करा.

८. वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण 'नो इंटरनेट' लिहून येतं. आता?

तार नेमकी कुठे तुटली ते चार पायऱ्यांत कळते. काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या. वाय-फायच्या भागात 'आयपीव्ही४ ॲड्रेस' (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा आयपी पत्ता) आणि 'डिफॉल्ट गेटवे' या दोन ओळी शोधा. गेटवे म्हणजे तुमचा राउटर. पत्ता सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर इथेच थांबा आणि प्रश्न ९ वाचा.

पत्ता ठीक असेल तर एकापाठोपाठ तीन पिंग करा (पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का ते पाहणे). आधी 'पिंग' आणि गेटवेचा पत्ता. मग 'पिंग ८.८.८.८'; हा गूगलचा जगभर चालणारा डीएनएस (साइटच्या नावाचा आकडी पत्ता शोधणारा) सर्व्हर. शेवटी 'पिंग गूगल डॉट कॉम'.

पहिलाच पिंग फसला तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यातच गडबड आहे. उत्तरात तुमचाच पत्ता आणि 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' दिसले, तर लॅपटॉपला राउटर सापडतच नाही; वाय-फाय तोडून पुन्हा जोडा. पहिला चालला आणि दुसरा फसला, तर अडचण राउटरच्या पलीकडे आहे, किंवा राउटरने तुमच्याच लॅपटॉपला अडवले आहे. ('पॅरेंटल कंट्रोल'मध्ये कुणी वेळ लावून ठेवली आहे का, तेही बघा.) पहिले दोन चालले आणि तिसरा फसला, तर तो डीएनएसचा घोळ, प्रश्न १०. तिन्ही चालले आणि ब्राउझर मात्र ढिम्म, तर प्रश्न ११.

पिंगच्या उत्तरातला 'टाइम'ही वाचा. राउटरपर्यंत २, ३, २ मिलिसेकंद येणे ठीक. ३, २४०, टाइम्ड आउट, ९० असे आकडे उड्या मारत असतील तर जोडणी आहे, पण सिग्नल मरतुकडा आहे. प्रश्न २० पाहा. चार पिंगवर निष्कर्ष काढू नका; आज्ञेच्या शेवटी 'उणे एन ५०' जोडून पन्नास पाठवा. आणि एक अपवाद: काही ऑफिसांत आणि कॉलेजांत पिंग मुद्दाम अडवलेले असते. तिथे पिंग फसला म्हणून नेट नाही असे होत नाही.

९. आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय. याचा अर्थ काय?

राउटरने लॅपटॉपला पत्ता दिला नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. या पत्त्यावर बाहेरचे नेट मिळत नाही. 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज' आणि मग 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू' अशा दोन आज्ञा द्या; रिन्यूला अर्धा-एक मिनिट लागू शकते.

तरी तोच पत्ता आला तर राउटर रीस्टार्ट करा. राउटरकडे वाटायला ठरावीक पत्ते असतात. समजा यादी (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते १४९ अशी आहे. पन्नास पत्ते वाटून झाले की एक्कावन्नाव्याला काही मिळत नाही. फोन, टीव्ही, कॅमेरे, स्मार्ट दिवे आणि पाहुण्यांचे फोन मिळून पन्नाशी लवकर भरते, आणि पाहुणा गेला तरी मुदत संपेपर्यंत त्याचा पत्ता अडलेला राहतो. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये यादी २०० पर्यंत वाढवा.

उलटी बाजूही आहे: कुणीतरी पूर्वी लॅपटॉपला हाताने पत्ता लावून ठेवला असेल, तर दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर तो जुळत नाही. वाय-फायच्या 'हार्डवेअर प्रॉपर्टीज'मध्ये 'आयपी असाइनमेंट' ऑटोमॅटिक आहे ना, ते बघा.

१०. डीएनएस बदला म्हणतात. कसं, आणि कधी?

प्रश्न ८ मधला तिसराच पिंग फसत असेल तेव्हा. डीएनएस साइटच्या नावाचा आकडी पत्ता शोधून देतो. तो बंद पडला की नेट असूनही काही उघडत नाही. आधी 'आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस' देऊन साठलेल्या जुन्या नोंदी पुसा. उपयोग झाला नाही तर सेटिंग्ज, 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'वाय-फाय', 'हार्डवेअर प्रॉपर्टीज', 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट', 'एडिट'. तिथे 'मॅन्युअल' निवडा, आयपीव्ही४ सुरू करा आणि ८.८.८.८ व ८.८.४.४ भरा. क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ आणि १.०.०.१ ही चालतात. विंडोज ११ मधली ही वाट आहे. १० मध्ये 'एडिट' थोडे वेगळ्या जागी सापडते.

डीएनएस बदलल्याने नेटचा वेग दुप्पट होतो, हा समज काढून टाका. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी प्रश्न २४ वाचा.

११. पिंग होतंय, व्हिडिओ कॉलही चालतो, पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही.

पहिला संशय प्रॉक्सीवर, म्हणजे ब्राउझर आणि नेट यांच्यातल्या मध्यस्थावर. सेटिंग्ज, 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'प्रॉक्सी'. 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' सुरू असेल आणि तिथे १२७.०.० ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर एखाद्या सॉफ्टवेअरने तुमची वाहतूक स्वतःकडे वळवली होती आणि ते सॉफ्टवेअर आता चालू नाही. हे प्रॉक्सीचे सेटिंग बंद करा. दोन दिवसांत आपोआप परत सुरू झाले तर लॅपटॉपमध्ये नको ते काहीतरी शिरले आहे; पूर्ण स्कॅन करा.

प्रॉक्सी स्वच्छ असेल तर दुसरा ब्राउझर उघडून बघा. तिथे चालले तर पहिल्यातली एक्स्टेन्शन बंद करून तपासा. ब्राउझरमधला 'सिक्युअर डीएनएस'ही पाहा, तो विंडोजचा डीएनएस बाजूला ठेवून स्वतःचा वापरतो.

व्हीपीएन असेल किंवा अलीकडेच काढला असेल, तर त्याचा 'किल स्विच' आठवा. व्हीपीएन तुटला की सगळे नेट अडवणे हेच त्याचे काम. व्हीपीएन अर्धवट निघाला तर अडसर तसाच राहतो. उपाय विचित्र वाटेल, पण हाच खरा: तोच व्हीपीएन परत बसवा, किल स्विच बंद करा, मग नीट अनइन्स्टॉल करा.

१२. प्रत्येक साइटवर 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' येतं.

घड्याळ बघा. तारीख चुकली की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रे ब्राउझरला मुदत संपलेली किंवा अजून सुरूच न झालेली वाटतात. 'डेट अँड टाइम'मध्ये 'सिंक नाऊ' दाबा, टाइम झोनही तपासा. लॅपटॉप बंद केल्यावर घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली आहे.

घड्याळ बरोबर आहे आणि इशारा एकाच साइटवर येतो, तर पुढे जाऊ नका; दोष तुमच्याकडचा नाही.

१३. हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वाय-फायला जोडतो, पण लॉगिनचं पान येतच नाही.

व्हीपीएन बंद करा, हाताने लावलेला डीएनएस ऑटोमॅटिकवर आणा. मग ब्राउझरमध्ये 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' टाइप करा. ही साइट मुद्दाम साध्या एचटीटीपीवर चालते, म्हणून लॉगिनचे पान तिच्या जागी येऊ शकते. सुरक्षित साइटच्या जागी ते घुसवता येत नाही. तेही जमले नाही तर 'आयपीकॉन्फिग'मधला गेटवेचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका.

१४. फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिसत नाही किंवा सारखा तुटतो.

हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल, तो २.४ वर आणा. आयफोनवर यासाठी 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' सुरू करायचे. आयफोनवर जोडणी होईपर्यंत हॉटस्पॉटचे पानही उघडे ठेवा. अँड्रॉइडवर कोणी जोडलेले नसले की हॉटस्पॉट काही मिनिटांनी स्वतः बंद होतो, ते सेटिंग काढा. वायर असेल तर यूएसबी टेदरिंग (प्रश्न १५) कधीही जास्त भरवशाचे.

१५. ड्रायव्हर टाकायचाय, पण ड्रायव्हर उतरवायला नेटच नाही.

फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि अँड्रॉइडमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. विंडोज १० आणि ११ ला बहुतेक वेळा यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन वायरचे नेट म्हणून दिसू लागतो. केबल फक्त चार्जिंगची असेल तर काहीच होत नाही, दुसरी घ्या.

ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल क्रमांक टाकून घ्या. मॉडेल सापडत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अनोळखी उपकरणाच्या 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. 'व्हीईएन' नंतर ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचे, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणाऱ्या सॉफ्टवेअरपासून लांब राहा.

१६. कालपर्यंत चालत होतं, अपडेटनंतर बंद. किंवा लॅपटॉप स्लीपमधून उठला की वाय-फाय जातं.

अपडेटनंतर: डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डावर डबल क्लिक, 'ड्रायव्हर', 'रोल बॅक ड्रायव्हर'. बटण करडे असेल तर जुना ड्रायव्हर साठवलेला नाही. प्रश्न १५ प्रमाणे आणा.

स्लीपनंतर: त्याच खिडकीत 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये, वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे पानच नसते. तिथे ड्रायव्हर आणि बायोस अद्ययावत करणे हाच मार्ग.

१७. लॅन केबल लावली तरी काही होत नाही.

केबल जिथे घुसते तिथले दिवे बघा. एकही दिवा लागत नसेल तर सेटिंगमध्ये शोधण्यासारखे काही नाही: केबल, पोर्ट किंवा क्लिप. प्लास्टिकची क्लिप तुटली की केबल आत दिसते पण टेकत नाही. दुसरी केबल, राउटरचा दुसरा पोर्ट, असे एकेक बदला. राउटरवर 'वॅन' लिहिलेल्या पोर्टात लॅपटॉप लावू नका.

नेट आहे पण वेग १०० मेगाबिटवर अडकला, तर बहुधा केबलमधल्या आठपैकी एखादी तार तुटली आहे. १०० ला चार तारा पुरतात, १,००० ला आठही लागतात.

१८. नेट व्यवस्थित चालतंय, पण चिन्हावर 'नो इंटरनेट'. का?

विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक साइटवरून छोटी मजकूर-फाइल मागवून नेट आहे की नाही ते ठरवते. जाहिराती रोखणारा डीएनएस किंवा फायरवॉल ती साइट अडवत असेल तर विंडोजला नेट नाही असे वाटते. बाकी सगळे चालत असेल तर दुर्लक्ष करा. चिन्हावर विसंबणारी काही ॲप अडत असतील तर तेवढी साइट मोकळी करा.

१९. काही साइट झटकन उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात. नेहमी त्याच.

'नेहमी त्याच' हे महत्त्वाचे. माहितीचे मोठे पॅकेट (तुकडा) वाटेत कुठेतरी मावत नसल्याची ही खूण आहे. तपासायला 'पिंग ८.८.८.८ उणे एफ उणे एल १४७२' द्या. 'पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड' असे आले तर आकडा १४६४ करा. १४६४ चालला तर वाटेची मर्यादा १,४९२ आहे (२८ बाइट शीर्षकाचे धरून), जी पीपीपीओई जोडणीत (राउटरमध्ये कंपनीचे लॉगिन भरावे लागते त्या प्रकारात) सहसा असते. राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये 'एमटीयू' (पॅकेटचा कमाल आकार) १,४९२ करा. व्हीपीएनवर हीच लक्षणे दिसली तर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये आकडा आणखी कमी करावा लागतो.

२०. राउटरच्या शेजारी बसलं तरच चालतं. फोनला मात्र लांबूनही रेंज येते.

लॅपटॉप नुकताच दुरुस्तीसाठी उघडला होता का? वाय-फाय कार्डावर बहुधा एक काळी आणि एक पांढरी, अशा दोन बारीक तारा टिचकी बटणासारख्या बसवलेल्या असतात. त्या स्क्रीनच्या किंवा बॉडीच्या कडेला असलेल्या अँटेनांकडे जातात. परत लावायच्या राहिल्या तर कार्ड चालते, पण दोन-तीन फुटांपलीकडे ऐकू येत नाही.

उघडला नसेल तर यूएसबी ३ ची हार्डडिस्क किंवा डॉक काढून बघा. यूएसबी ३ ची वाहतूक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते. डिस्क लावली की वाय-फाय मेले, असे यामुळे होते. ५ वर गेले किंवा डिस्क लांब वायरने दूर ठेवली की प्रश्न मिटतो.

२१. मॅकवर काय वेगळं?

पायऱ्या त्याच. ऑप्शन की दाबून वरच्या वाय-फाय चिन्हावर क्लिक केले की सिग्नलचा 'आरएसएसआय' दिसतो: उणे ५० उत्तम, उणे ८० म्हणजे जेमतेम. 'सेल्फ-असाइन्ड आयपी' दिसले तर प्रश्न ९ चीच गोष्ट. वाय-फायच्या 'डिटेल्स'मध्ये 'टीसीपी/आयपी' उघडून 'रिन्यू डीएचसीपी लीज' दाबा.

२२. लिनक्स टाकल्यावर वाय-फाय गेलं.

'आरएफकिल लिस्ट' देऊन 'ब्लॉक्ड: येस' आहे का ते बघा. 'सॉफ्ट' असेल तर आज्ञेने सुटते, 'हार्ड' असेल तर बटण शोधा. ब्लॉक नसेल तर बहुधा फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) नाही. प्रश्न १५ मधले टेदरिंग करून ते बसवा. ब्रॉडकॉमच्या कार्डाचा वेगळा ड्रायव्हर बसूनही चालत नसेल तर 'सिक्युअर बूट' त्याला अडवत असतो.

२३. 'नेटवर्क रिसेट' मारलं की सगळं ठीक होतं ना?

कधी कधी, पण तो शेवटचा उपाय ठेवा. सगळी नेटवर्क कार्डे काढून नव्याने बसतात. साठवलेले वाय-फाय पासवर्ड, हाताने लावलेले आयपी-डीएनएस, व्हीपीएनची जोडणी पुसली जाते. लागणारे पासवर्ड आधी लिहून ठेवा. विंडोज ११ मध्ये 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'च्या खाली सापडते. दाबल्यावर पाच मिनिटांत लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होतो, म्हणून उघडे काम जतन करा.

२४. ऑफिसचा लॅपटॉप घरी चालत नाही. हे सगळं त्यावर करू का?

प्रश्न १ ते ४ आणि ८ मधली तपासणी करा. सेटिंग बदलू नका. ऑफिसच्या आतल्या साइटची नावे फक्त ऑफिसच्या डीएनएसला माहीत असतात, प्रॉक्सीही मुद्दाम लावलेला असू शकतो. आयटी विभागाला पिंगचे तिन्ही निकाल आणि आयपी पत्ता पाठवला तर 'रीस्टार्ट केलं का?' पासून सुरुवात होत नाही.

२५. कार्डच गेलंय. बदलता येतं का?

आधी यूएसबी वाय-फाय ॲडॅप्टर लावून खात्री करा. त्यावर नेट चालले तर विंडोज ठीक आहे आणि दोष कार्डाचाच. अनेकांचे काम त्या ॲडॅप्टरवरच कायमचे भागते.

आतले कार्ड बदलायचे तर आधी ते बोर्डाला डाग दिलेले आहे का ते बघा. पातळ लॅपटॉपमध्ये पुष्कळदा असते आणि मग बदलता येत नाही. सुटे असेल तर सहसा एम.२ प्रकारचे, २२ बाय ३० मिलिमीटरचे असते. खरेदीतली नेहमीची चूक अशी: इंटेलचे एएक्स२०१ आणि एएक्स२११ फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरसोबतच चालतात, कारण कार्डाचे अर्धे काम प्रोसेसरच्या बाजूला होते. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती बसतात, पण चालत नाहीत. तिथे एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपचे बायोस यादीबाहेरचे कार्ड दिसले की सुरूच होत नाही. तिथे त्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेल्या भाग क्रमांकाचेच कार्ड शोधावे लागते. काढताना बॅटरीची जोडणी आधी सोडवा, तारांचा फोटो काढा, आणि टिचकी बटणे नखाने सरळ वर उचला; तार धरून ओढली तर बटण तारेवर राहत नाही.